सांगलीच्या गावभागातल्या, शेजारच्या काकांना, रोज रात्री नऊच्या फोनबद्दल

काका, नमस्कार.

तुम्हाला फोनवर आभार म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलता, दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा तेच. म्हणून शेवटी इथं सगळ्यांसमोर लिहितेय, दादा तुम्हाला वाचून दाखवेल. सांगली-मिरजेकडची माझ्यासारखी कितीतरी पोरंपोरी मुंबई-पुण्यात आहेत, कुणाच्या तरी कामाला येईल म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

मागच्या वर्षी जूनमधली गोष्ट. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडली, फोर्थ सीट (तिघींच्या बाकावर चौथीनं टेकायची जागा) तर सोडाच, लेडीज डब्यात दोन्ही पाय नीट टेकायला जागा नव्हती, पण ते रोजचंच आहे, त्याचं काही नाही. मुंब्रा मागं पडलं आणि अचानक छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं झालं, बोटांना मुंग्या आल्या, कानात सूं असा आवाज सुरू झाला आणि माझी खात्रीच पटली की आपण आता इथंच जाणार. मला कुर्ल्याला उतरायचं होतं पण ठाण्याला उतरणाऱ्या बायकांच्या लोंढ्यात मीपण बाहेर आले आणि बाकड्यावर बसून राहिले. एक मावशी आपली पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन शेजारी बसल्या, त्यांची पुढची गाडी पण गेली तरी उठल्या नाहीत. त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नाही. त्यांचे पण आभार.

ईसीजी नॉर्मल आला. टेन्शन घेऊ नका म्हणाले. पण ते न घेऊन करायचं काय? ऑफिसच्या फोनवर रात्री अकरापर्यंत मेसेज, प्रत्येकावर अर्जंट लिहिलेलं, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघी, पाणी सकाळी पाऊण तास, आणि मग परत तीच लोकल. नंतरच्या आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं. मग मी प्लॅटफॉर्मवर उभी राहायची आणि गाड्या सोडायची, एक, दोन, तीन, डब्यात पाय टाकायचा धीरच व्हायचा नाही.

घरी सांगितलं. आई म्हणाली सोड ती नोकरी आणि ये निघून. बाबा म्हणाले सगळेच करतात गं, होईल सवय. दोघं मायेनंच बोलत होती, पण दोन्ही फोन ठेवल्यावर छाती जास्तच आवळायची, कारण कुणाचंही ऐकायचं म्हटलं तरी सगळं आयुष्य त्याच रात्री ठरवायला लागणार होतं.

आणि मग तुमचा फोन आला, रात्री नऊला. काय झालं, कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले, यातलं एक अक्षर विचारलं नाहीत. "किती फुटावर हाय पाणी?" एवढंच. मला वाटलं कृष्णेचं विचारताय, म्हटलं काका मी मुंबईत आहे, मला काय माहीत. तुम्ही म्हणालात, "नदीचं नव्हं पोरी, तुझं."

बाहेरच्यांना हे कळायचं नाही म्हणून सांगते. आमच्या सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना कसं काय विचारायच्या आधी पाणी किती झालं ते विचारतात. आयर्विन पूल १९२९ चा, तिथं पाण्याची पातळी फुटात मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका पातळी, हे दोन आकडे आमच्याकडं शाळेतल्या पोरालापण पाठ असतात. लोक संध्याकाळी पुलावर पाणी बघायला जातात. काका पाटबंधारे खात्यात होते, पुराच्या दिवसांत तासातासाला पट्टी वाचून आकडा वर कळवायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलंय.

तर त्या रात्री मी बराच वेळ गप्प बसले आणि म्हटलं, ४३ असेल. तुम्ही म्हणालात बरं, उद्या नऊला परत सांग. फोन ठेवला. काका, महिनाभरात त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली. कारण मला काही समजावून सांगायला लागलं नव्हतं, रडायला लागलं नव्हतं, नुसता आकडा द्यायचा होता. आणि आकडा द्यायचा म्हणजे आत वाकून बघायला लागतं, आणि बघितलं की कळतं की आपण अख्खे बुडालेलो नाही, पाणी कुठंतरी एका रेघेवर आहे.

दुसरी गोष्ट तुम्ही चार-पाच दिवसांनी सांगितलीत. मी म्हटलं आज रविवार, घरातच होते, कुणी काही बोललं नाही तरी ४१ कसं? तुम्ही म्हणालात, सांगलीत ऊन पडलेलं असतं तरी पाणी चढतंच की. पाऊस पडतो तिकडं महाबळेश्वरला, नवजाला, कोयना धरणातनं विसर्ग सोडतात, ते पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि मग वाट काढत आपल्याकडं येतं, त्याला वेळ लागतो. खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, ती भरून आली असली तर आपलं पाणी पुढं सरकत नाही, फुगून राहतं. "तुझं रविवारचं पाणी शुक्रवारचं असंल, वर कुठं सोडलं ते बघ." खरंच शुक्रवारी रात्री एक वाजेपर्यंतचा कॉल झाला होता. तोपर्यंत मी स्वतःलाच दोष देत होते की सुट्टीच्या दिवशीसुद्धा मला नीट राहता येत नाही.

मी वही केली. तारीख, पातळी, आणि वरून काय सोडलं. तुमचे नियम पहिल्या पानावर लिहिलेत. चाळिसाच्या आत काही ठरवायचं नाही, फक्त मोजायचं. चाळीस झालं की दोघांना कळवायचं आणि खालचं सामान वर घ्यायचं, म्हणजे त्या दिवशी जे सोडता येईल ते सोडायचं, कुणाची पार्टी, जादाचं काम, गर्दीची गाडी. आणि पंचेचाळीसला बाहेर पडायचं, तिथं शूरपणा दाखवायचा नाही.

ऑगस्टमध्ये एका रात्री मी ४६ सांगितलं. तुमचा आवाज बदलला ते मला अजून आठवतंय. तुम्ही म्हणालात आता माझं काम संपलं, मी पट्टी वाचणारा माणूस, आता बोट बोलवायची. दादाकडून नंबर घेऊन तुम्हीच मला सांगितलात, १४४१६, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. तुम्ही फोन ठेवल्याबरोबर मी तो लावला. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की याला पॅनिक अटॅक म्हणतात, मरतोय असं वाटतं पण त्यानं माणूस मरत नाही, साधारण दहाएक मिनिटांत तो टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. हे कळल्यावर निम्मी भीती तिथंच गेली. काही महिने गोळ्या घेतल्या, दर पंधरा दिवसांनी जाऊन बोलत होते, श्वास हळूहळू सोडायला शिकले. ऑफिसमध्ये पण सांगितलं, पहिल्यांदा तोंड वाकडं झालं, पण डॉक्टरांचं पत्र दिल्यावर आठवड्यातनं दोन दिवस घरनं काम मिळालं. रात्री दहानंतर ऑफिसचा फोन बंद.

तुम्हाला हे सुचलं कसं ते मी नंतर आईला विचारलं. आई म्हणाली अगं २०१९ चा पूर आठवत नाही का, आजीला त्यांनी असंच बाहेर काढलं. आठवतं ना काका. आजी वाडा सोडायला तयार नव्हती, बाबा ओरडत होते, आई रडत होती, आणि तुम्ही रेनकोट घालून आमच्या पायरीवर बसलात आणि तिला दर तासाला येऊन फक्त आकडा सांगत राहिलात. चला म्हणून एकदा पण म्हणाला नाहीत. संध्याकाळी आजीच उठली आणि देव पिशवीत भरले. पाणी ५७ फुटांवर गेलं त्या वेळी, आमच्या माजघराच्या खिडकीपर्यंत आलं. ओसरल्यावर तुम्ही खराटा घेऊन सगळ्यांच्या आधी हजर, गाळ ओला आहे तोवर काढा, वाळला की खरवडून पण निघत नाही म्हणत. तुमच्या स्वतःच्या घरातला गाळ तेव्हा तसाच होता, हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं.

तो गाळ काढणं पण मी तुमच्याकडनंच घेतलंय. वाईट दिवस गेला की दुसऱ्या दिवशी लगेच त्याच्याबद्दल कुणाशी तरी बोलून घेते, साठवत नाही.

डोंबिवली तीच आहे, लोकल तीच, गर्दी उलट वाढलीच असेल. मी पण इथंच आहे, आणि आता राहावंसं पण वाटतं. रूमवरच्या एकीला मागच्या महिन्यात त्रास सुरू झाला तर मी तिला रोज रात्री आकडा विचारते, ती विदर्भातली, तिला आयर्विन पूल मोबाईलवर फोटोत दाखवायला लागला. काल तिनं ३८ सांगितलं.

माझं या आठवड्याचं सांगते, सोमवारी ३३, मंगळवारी ३५ (मेगाब्लॉकचा राहिलेला गोंधळ होता), बुधवारी २९, आज २६.

गणपतीला येतेय, कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. सकाळी स्टेशनवरनं घरी सामान टाकलं की आपण पुलावर जाऊ, पट्टी तुम्ही वाचा, वहीत मी लिहिते. आणि काकूंना सांगा भडंगाचा मोठा डबा लागणार आहे, आमच्या डब्यातल्या बायकांनी मागितलंय.

तुमची,
समोरच्या वाड्यातली