हात मागे बांधून बस

चोपडा

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळेने तुला गटाने मिळून प्रश्न सोडवायच्या स्पर्धेसाठी सातवी-आठवीच्या गटाला मार्गदर्शन करायला बोलावलंय, हे कळल्यापासून घरात तोच विषय आहे. बाबांचं म्हणणं, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, त्यात हा व्याप कशाला. मला मात्र वाटतं तू हो म्हणावंस. दर शनिवारी जळगावहून यायला जमेल तुला. फोनवर हे सगळं नीट सांगता येईना, म्हणून लिहितेय.

तुमचा आठवीतला गट आठव. पत्र्याच्या वर्गात एप्रिलमध्ये बसवत नव्हतं, आणि तुम्ही तोच प्रश्न स्पर्धेसाठी घेतलात. कुणी म्हणालं, केळीची वाळलेली पानं छपरावर पसरू. ती पेट घेतील म्हणून तुम्हीच ती कल्पना मोडलीत. तुझी ओल्या गोणपाटांची कल्पना खरंच चांगली होती, आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी भरभर उडतं आणि गारवा येतो. पण रोज पत्र्यावर ओतायला पाणी कुठून आणायचं, हे त्या मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. तिच्या घरी पाणी साठवायचं काम तिच्याकडेच होतं. ती एरवी वर्गात बोलायची नाही. मग तिनेच सुचवलं, पत्र्याला बाहेरून चुना मारू, पांढरं ऊन परतवतं. तू दोन दिवस रुसलीस आणि तिसऱ्या दिवशी चुना कालवायला सगळ्यांच्या आधी हजर होतीस. बक्षीस मिळालं नाही तुम्हाला. पण आपली लाडकी कल्पना बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कल्पनेसाठी राबणं तू तेराव्या वर्षी शिकलीस. तुझ्या प्रोजेक्टच्या गटात भांडणं झाली की सगळे तुझ्याकडे येतात, असं तू सांगतेस ना, मला तेव्हा तो चुन्याचा डबाच दिसतो.

असंच शिकवणारे अमेरिकेत सॅम मिक्लस नावाचे प्राध्यापक होते. ते विद्यार्थ्यांना बिनचाकाचं वाहन बनवा, पाण्यावर तरंगून पलीकडे नेणारं काहीतरी बनवा, अशी कामं द्यायचे, आणि वस्तू चालली की नाही यापेक्षा डोकं किती लढवलं, धोका किती पत्करला, यावर गुण द्यायचे. त्यातून 1978 मध्ये न्यू जर्सीच्या 28 शाळांची पहिली स्पर्धा झाली. तीच पुढे ‘ओडिसी ऑफ द माईंड’ म्हणून जगभर गेली. एका गटात जास्तीत जास्त सात मुलं. एक प्रश्न महिनोन्‌महिने सोडवून आठ मिनिटांत सादर करायचा, आणि दुसरा प्रश्न थेट खोलीत गेल्यावरच कळणार. खर्चालाही मर्यादा. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बाहेरच्या मदतीचा नियम: मोठ्यांनी कल्पना दिली किंवा हात लावला, तर गुण कापले जातात.

आपल्याकडे 1993 पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. 10 ते 17 वर्षांची मुलं आपल्याच गावातला प्रश्न घेऊन, आपल्या भाषेत, त्याचा अभ्यास मांडतात. तुझ्या गटाला तिकडेही ने. आपल्या तालुक्यात प्रश्नांना तोटा नाही. केळीचा घड उतरवल्यावर बांधावर पडणारी खोडंच घे, त्यांचं काय करायचं हा प्रश्न मोठ्यांनाही पुरता सुटलेला नाही.

माझं माहेर धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठचं. तिथे पाणी वाटून घ्यायची फड पद्धत होती, तुझ्या पणजोबांच्याही आधीपासून; फड म्हणजे अनेकांच्या शेतांचा मिळून एक पट्टा. बंधाऱ्यातून पाट यायचा आणि कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं, हे सगळे शेतकरी मिळून ठरवायचे. ऊस असेल तर त्या फडात सगळ्यांचा ऊस. पाणी पाटकरी द्यायचा, शेताचा मालक स्वतः पाट फोडून पाणी घ्यायचा नाही. पाणी कमी असलं की कोणत्या फडाला द्यायचं नाही, हेही बसूनच ठरायचं. एकट्याच्या हुशारीवर ते शेकडो वर्षं चाललं नसतं. आपल्या मातीला हे नवं नाही, म्हणून शाळांमध्ये अशा स्पर्धांना वेळ नाही असं कुणी म्हटलं की मला फार लागतं.

शिक्षिका म्हणून इतकी वर्षं विज्ञान प्रदर्शनं पाहतेय. वडिलांनी करून दिलेलं किंवा दुकानातून आणलेलं मॉडेल झगझगीत असतं, त्याच्याशेजारी उभं राहिलेलं मूल पाठ केलेलं म्हणतं. परीक्षकाने एक आडवा प्रश्न विचारला की ते गप्प होतं. त्या मुलाचं वाईट वाटतं मला, त्याच्याकडून केवढी मोठी गोष्ट हिरावलेली असते.

तुला उत्तर दिसत असेल आणि मुलं चुकीच्या वाटेला असतील, तेव्हा फार जड जाईल. तरी बोलू नकोस. विचार फक्त, ‘हे कशावरून?’ ‘मोजलं का?’ ‘जो बोलला नाही त्याचं काय म्हणणं?’ विळी, करवत, वीज यांच्याशी संबंध असेल तिथे मात्र जवळ उभी राहा, त्यात तडजोड नको.

पहिल्याच शनिवारी पालकांनाही बोलाव आणि मुलांसमोरच सांग की घरी कुणी काही करून द्यायचं नाही. एखाद्या वडिलांना राग आला तर त्यांना माझ्याकडे पाठव. बाबांशी मी बोलते.

तुझी,
आई