वाळूचा अर्ज एकटीच्या नावाने नको

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

माहिती अधिकार कायद्याखाली वाळूच्या ठेक्याची माहिती मागायचं तुमच्या गटाने ठरवलंय आणि पहिला अर्ज तुझ्या नावाने जाणार आहे, हे कळलं. अर्ज करू नकोस असं मी म्हणणार नाही. फक्त तो एकटीच्या नावाने करू नकोस.

तहसीलच्या आवक टेबलावर काय होतं बघ. कारकून शिक्का मारतो, रजिस्टरात नाव-गाव उतरवतो आणि कागद गौण खनिजाच्या, म्हणजे वाळू-मुरुमाच्या टेबलाकडे जातो. ज्याच्या ठेक्याची माहिती मागितली, त्याची माणसं वाहतूक पासासाठी त्याच टेबलाशी उभी असतात. उत्तराला 30 दिवसांची मुदत. नाव फुटायला एक दुपार पुरते. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींनी जमिनींचे गैरव्यवहार उघड केले. पोलीस संरक्षणही मागितलं होतं. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संसदेने केला, पण तो अजून अंमलात आलेला नाही. त्याच्या भरवशावर राहू नकोस.

म्हणून तोच अर्ज पाच जणांनी पाच गावांतून स्पीड पोस्टाने टाका. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. माहिती कशाला हवी, हे कलम 6(2) प्रमाणे विचारता येत नाही, आणि संपर्कापुरता पत्ता पुरतो. पोस्ट बॉक्स नंबर चालतो असं कोलकाता उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलंय. तो घ्या, घरचा पत्ता देऊ नका. "वाळू घोटाळ्याची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर अर्ज संदिग्ध म्हणून परत येईल. अमुक वाळूगटाचा लिलाव आदेश, अमुक महिन्यातल्या वाहतूक पासांच्या प्रती, उत्खननाचा मोजणी अहवाल, असं कागदाचं नाव घेऊन मागा.

उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. दुसऱ्याला 90 दिवस मिळतात, पण माहिती आयोगाकडे ते फार काळ पडून राहतं, आणि दबाव नेमका त्याच काळात वाढतो. "ही वैयक्तिक माहिती आहे" हे उत्तर आता सर्रास येईल, कारण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने कलम 8(1)(ञ) मधला जनहिताचा अपवाद काढून टाकलाय. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, हे सांगणारं कलम 8(2) मात्र शाबूत आहे. अपिलात ते लिहिल्याशिवाय राहू नका.

कागद हाती आले की त्याच दिवशी स्कॅन करून वकिलांकडे, तालुक्याच्या पत्रकाराकडे आणि गटातल्या सगळ्यांकडे पोचवा. ते एकाच कपाटात असले की त्या कपाटाची किल्ली असलेल्या माणसावर नजर जाते.

धमकी आली तर तारीख, वेळ, नंबर आणि नेमके शब्द लगेच लिहून ठेव. ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद घेऊन बोळवण करतील. लेखी तक्रार दोन प्रतींत ने आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय निघू नकोस. गुन्हा दखलपात्र असूनही एफआयआर घेत नसतील तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने कळव. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी.

मला मारहाणीइतकीच भीती तुझ्यावर खंडणीचा खोटा गुन्हा घालतील याची वाटते. ठेकेदाराचा माणूस "ताई, चहा घेऊ, मिटवून टाकू" म्हणतो. हॉटेलातला तो चहा पुढे पुरावा म्हणून उभा राहतो. कुणालाही एकटीने भेटू नकोस, कार्यालयातसुद्धा नाही. यूपीआयला जोडलेला नंबर अर्जावर कधीच देऊ नकोस. अनोळखी रक्कम खात्यात आली तर परत पाठवायच्या फंदात न पडता त्याच दिवशी बँकेला आणि ठाण्याला लेखी कळव.

लॅपटॉप जप्त करायला आले तर झडतीचं चित्रीकरण बीएनएसएसच्याच कलम 105 ने बंधनकारक आहे. पंचनाम्यात यंत्राचा अनुक्रमांक आणि हॅश व्हॅल्यू लिहायला लाव. हॅश व्हॅल्यू म्हणजे त्या क्षणी डिस्कवर जे होतं त्याचा ठसा. नंतर एक अक्षर जरी बदललं तरी ती जुळत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये फाइली बाहेरून घातल्या गेल्याचा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संगणक तपासणाऱ्या कंपनीने 2021 मध्ये दिला, आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे. लिहून द्यायला तयार नसतील तर सहीच्या वर "हॅश व्हॅल्यू दिली नाही" असं तूच लिही.

बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, राहत्या ठिकाणीच विचारावं लागतं. अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर अटकही होत नाही, आणि त्या अपवादालाही महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. अटक झालीच तर कारण विचार, घरी कळवायला सांग, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर न्यावं लागतं, ते मोजत राहा.

वकिलांचा आणि माझा नंबर पाठ कर. फोन काढून घेतला की सेव्ह केलेला नंबर उपयोगाचा नसतो. बाकीच्या चौघांची नावं ठरली की मला कळव, त्यांच्या घरच्यांशी मी बोलून घेते.

तुझी,
आई