दाढेचं मी ठरवून टाकलंय

पुणे, रविवार, 8 ऑगस्ट 2021

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर दाढेचा विषय काढला की बाबा ‘हां हां, बघू’ म्हणत फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहून मामाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतेय. आई, चष्मा लाव आणि मोठ्यानं वाच. मधलं गाळू नकोस.

बुधवारी सकाळी दहाची दाताच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय, निपाणीतच. मामा साडेनवाला गाडी घेऊन दारात येईल. पैसेही भरून झालेत. बाबा, न विचारता ठरवलं म्हणून रागवाल. पण विचारलं असतं तर आधी पंचमी निघाली असती, मग गणपती, मग दिवाळी. पंचमीला चिरायचं-कापायचं नसतं हे मलाही ठाऊक आहे, म्हणून तर दोन दिवस आधीचं धरलं.

तुम्ही घाबरता त्यात वावगं काही नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात सरकारनंच सांगितलं होतं, अगदी अडलं तरच दाताच्या डॉक्टरकडे जा. मशीन फिरलं की पाणी आणि थुंकीचा बारीक फवारा उडतो, आणि तिथं मास्क काढून आ वासल्याशिवाय गत्यंतर नाही. माझ्या ऑफिसातले शिकलेले लोकसुद्धा वर्षभर लवंगा चघळत बसले. पण तेव्हा लस नव्हती. आता तुमचे दोघांचेही दोन्ही डोस झालेत. डॉक्टरीणबाईंशी मी स्वतः बोलले. एका वेळी एकच पेशंट, खिडक्या उघड्या, आधी बीटाडीनची चूळ. त्या एन-95 घालतात, वर तोंडापुढं प्लास्टिकची काच. पहिला नंबर मी मुद्दाम मागून घेतला, म्हणजे त्या दिवशी तुमच्या आधी त्या खोलीत कुणी तोंड उघडलेलं नसेल. खुर्ची मागं रेलते, गुडघे मुडपावे लागत नाहीत. पाठीला उशी हवी तर मामा घरचीच घेईल.

आणि ती काळी बुरशी. दाढ काढली की बुरशी होते, हे कट्ट्यावरचं ज्ञान राहू दे. साखर हाताबाहेर गेलेली असते, त्यात करोनाला स्टिरॉइड घेतलेली असतात, अशांना ती जास्त धरते, आणि शिरते नाकातून. मग कधी गाल सुजतो, वरचे दात हलू लागतात. तुम्हाला करोना झाला नाही, तेव्हा तसलं काही असेल असं मला वाटत नाही. पण तुमची वरचीच दाढ आहे, साखरही आहे. एकदा कुणी आत बघितलं की माझा जीव भांड्यात पडेल.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही सारखे उजवा गालच पुढं करत होता. डावा सुजलाय हे लपवायला ना? आई सांगते, हल्ली भाकरीचा पापुद्रा तेवढा खाता, पाठ ताटात राहते. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नव्हे. नस मेली की दुखायचं थांबतं, पू आत तसाच असतो. आणि पू असला की साखर काही खाली येत नाही. मेडिकलातनं त्या ठणक्याच्या गोळ्या आणता, त्या बीपी-साखरेच्या माणसाच्या किडनीवर जातात. त्या आजपासून बंद.

एक्क्याऐंशी साली तंबाखूच्या भावासाठी हायवेवर बैलगाड्या लावून बसलेला माणूस तुम्ही. आणि एका खुर्चीला बिचकता?

बाबा, याच दाढेनं तुम्ही मला ऊस सोलून द्यायचात. बांधावर बसून, कांडं तिरकं धरून, साल टरकन ओढायचात आणि पांढरं पेर माझ्या हातात. माझे दुधाचे दात पडले तेव्हा वर्षभर तर तुम्ही चावून मऊ केलेला ऊस मी खाल्लाय. आईला किळस यायची, मला नाही.

मला यायचं होतं हो. पण कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर परवापासून पुन्हा कडक झालंय. दोन डोस झाले असले तरी 72 तासांच्या आतला करोनाचा आरटीपीसीआर रिपोर्ट मागतात. तो काढूनही आले असते, पण इकडं बाळाच्या शाळेत दोघा शिक्षकांना झालाय, आणि मीच घेऊन आले तर? तुमचं पहिल्यापासनं सगळं कोल्हापूरला, तेही मी आधी बघितलं. पण परतताना तोच नाका, म्हणून सोडलं. बेळगावला केएलईचं दाताचं कॉलेज चांगलं आहे, पण एवढा प्रवास नको वाटला. निपाणी आपल्या उंबऱ्यातच.

आता ऐका. बुधवारी उपाशी जायचं नाही. नाष्टा करून, साखरेची गोळी रोजच्यासारखी घेऊन जायचं. शेवटचा साखरेचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. रक्त पातळ व्हायची गोळी तुम्ही परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरीणबाईंना दाखवायची आणि त्या सांगतील ते. दाढ काढली तर कापसाचा बोळा त्या म्हणतील तितका वेळ दाबून धरा, सारखे थुंकू नका. त्या दिवशी गरम चहा नाही. आई, गुरगुट्या भात, गार ताक, संध्याकाळी दुधात कुस्करलेली भाकरी. आणि पंचमीच्या लाह्या यंदा बाबांना नाहीत, फोलपटं जखमेत अडकतात.

आई, तुझीही हिरडी त्याच फेऱ्यात दाखवून घे. मशेरीनं बरं वाटतं, असं मला सांगू नकोस. त्या विचारतील तेव्हा खरं सांग, ओरडणार नाहीत. मी सांगून ठेवलंय.

तुमची,
बेबी

ता. क. – मामा, बाबांच्या बंडीच्या आतल्या खिशात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी असते. गाडीत बसायच्या आधी काढून घे. दुसरी पुडी सायकलच्या सीटखाली आहे.