राजधानी कोरड्या टेकडीवर बांधणाऱ्या मामाचे भाचीस आभारपत्र

चि. ताई हिस,

मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मोठ्यांनी लहानांचे आभार मानण्याची आपल्या घरात फारशी पद्धत नाही, आणि फोनवर मानायला गेलो तर तू हसून विषय बदलशील, म्हणून हे लेखी कळवतो. पत्र उघडे ठेवण्याचे कारण एवढेच, की निवृत्तीनंतर हौसेने ‘सिव्हिलायझेशन 6’ हा संगणकावर साम्राज्य उभारण्याचा खेळ उघडून पहिल्या शंभर टर्नमध्येच (म्हणजे पाळ्यांमध्येच) हात टेकलेले माझ्यासारखे आणखी काही जण असतील, तर त्यांच्याही ते नजरेस पडावे.

गेल्या दिवाळीत तू हा खेळ ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या त्याच्या पुरवणीसह माझ्या संगणकावर घालून दिलास आणि सुट्टी संपताच परत गेलीस. मी साहजिकच भारत निवडला, गांधीजींना गादीवर बसवले, आणि ख्रिस्तपूर्व 4000 साली नदीच्या काठावर उभ्या असलेल्या माझ्या एकुलत्या एका सेटलरला, म्हणजे शहर वसवणाऱ्या तुकडीला, तिथे वसू न देता चार टर्न चालवत एका टेकडीवर नेले. गडकिल्ल्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला उंच जागा दिसली की राजधानीसाठी दुसरे काही सुचत नाही. तीस वर्षे पाटबंधारे खात्यात पाणीपाळ्यांचे हिशेब ठेवलेल्या माणसाने नदी सोडून कोरड्या जागी राजधानी बांधावी, यावर तुझी मामी अजून हसते, आणि तिचे चुकत नाही.

ती राजधानी तीन लोकसंख्येवर जी अडली ती हलेना. प्रत्येक नागरिक दर टर्नला 2 अन्न खातो हे मला समजले होते, त्यामुळे अन्न कमी पडते आहे असे गृहीत धरून मी जंगलात राबणारी माणसे काढून गव्हाच्या षटकोनांवर (नकाशाच्या घरांवर) लावली. अन्नाचा साठा वाढू लागला, उत्पादन घटले, आणि लोकसंख्या मात्र जिथल्या तिथेच. मी चिडून तुला फोन केला तेव्हा “मामा, कोठार बांध” असे सांगून तू दोन मिनिटांत मोकळी होऊ शकली असतीस. तसे न करता तू म्हणालीस, “शहराचा तपशील उघड, हाउसिंगखाली जेवढ्या ओळी असतील तेवढ्या मला वाचून दाखव.” मी वाचल्या : पाण्याचे 2, राजवाड्याचा 1, एकूण 3. त्यावर तू काहीच बोलली नाहीस. तो अर्धा मिनिट मला आजही आठवतो, कारण तेवढ्यात माझे मलाच उमगले, की अन्नाचा दोष नव्हता, माणसांना राहायला जागाच नव्हती.

मग तू उरलेले आकडे सांगितलेस. गोड्या पाण्याच्या काठी वसलेल्या शहराला 5 हाउसिंग मिळते, समुद्रकाठी 3 आणि कोरड्या जागी 2. एकच जागा शिल्लक उरली की वाढीचा वेग निम्मा होतो, आणि तीही भरली की चतुर्थांशावर येतो. त्यापुढची साखळी मात्र तू माझ्याकडूनच जोडून घेतलीस. पहिला डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचा एकेका कामाचा खास विभाग, एका लोकसंख्येवर बांधता येतो, दुसरा चारवर, तिसरा सातवर. म्हणजे तीनवर अडलेल्या शहराला दुसरा डिस्ट्रिक्ट नाही. माझा पहिला डिस्ट्रिक्ट होली साइटमध्ये, म्हणजे धर्माच्या विभागात, खर्ची पडला होता, म्हणून विज्ञानाचा विभाग असलेला कॅम्पस नाही, आणि कॅम्पस नाही म्हणून विज्ञानात शेजारी पुढे निघून गेलेले. मी त्या मागासलेपणाचा दोष इतके दिवस संशोधनाच्या क्रमाला देत होतो. तो पहिल्या चार टर्नच्या चालीत होता.

एवढे कळल्यावर मी डाव मोडून नव्याने सुरू करणार होतो. तू तो मोडू दिला नाहीस, याबद्दल तुझे सर्वांत जास्त आभार मानतो, कारण दुरुस्ती करताना मी जे शिकलो ते नदीकाठच्या सुखवस्तू राजधानीत शिकलो नसतो. शेत नुसते अन्न देत नाही, अर्धे हाउसिंगही देते. कोठार 2 देते. ‘इरिगेशन’ या विद्येचे नाव वाचूनच मला कचेरीत परतल्यासारखे वाटले, आणि गव्हावर शेत केले की तिचा 40 टक्के अभ्यास फुकट पदरात पडतो हे पाहून तर बढती मिळाल्यासारखे. तीच विद्या भारताला पायऱ्यांची विहीर बांधू देते, जिला आपल्याकडे बारव म्हणतात. एक बारव म्हणजे 1 हाउसिंग आणि 1 अन्न. मात्र ती टेकडीवर होत नाही आणि एका बारवेला लागून दुसरी होत नाही. शेवटी अ‍ॅक्विडक्टची, म्हणजे शहरात पाणी आणणाऱ्या पाटाची, वेळ आली, तेव्हा मी नदी लांब आहे म्हणून खट्टू झालो होतो. तू विचारलेस, “पाणी फक्त नदीतूनच येते का, मामा?” शहराला लागून असलेल्या एका षटकोनाच्या पलीकडे डोंगर होता. डोंगरावरूनही पाणी आणता येते, आणि त्या एका बांधकामाने पाण्याच्या ओळीतले 2 जाऊन तिथे 6 आले. खरे पाणी खात्यात इतक्या सहज कधी मंजूर झाले नाही.

रानटी टोळ्यांचा धडाही तुझाच. त्यांचा स्काउट (टेहळ्या) माझ्या वेशीवर येऊन गेला, त्याच्या डोक्यावर लाल उद्गारचिन्ह उमटले, आणि मी ते शोभेचे समजून सोडून दिले. तो आपल्या तळावर पोचल्यावर काही टर्नांनी घोडेस्वार आले आणि शेते-बारवा बांधणारा माझा बिल्डर पळवून नेला. पुढच्या वेळी तू स्क्रीनवर सोबत होतीस. माझ्या वॉरियरने स्काउटला डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात गाठून अर्धमेला केला, आणि मी त्याला संपवणार तोच तू थांबवलेस : शेवटचा घाव गोफणवाल्याचा असू दे. गोफणीचा पल्ला एकाच षटकोनाचा, म्हणून त्याला जवळ आणायला आणखी एक टर्न गेला, पण त्या घावाने धनुर्विद्येचा 40 टक्के अभ्यासही मिळाला. तेच काम, करणारा हात फक्त वेगळा.

कॅम्पस अखेर तीन डोंगरांना लागून बसवला, प्रत्येक डोंगराचे 1 विज्ञान. जागा नक्की करताच त्याची किंमत गोठते आणि पुढे विद्या वाढल्या तरी वाढत नाही, हे तू सांगितल्यामुळे मी पैशांची आणि उत्पादनाची तयारी होण्याआधीच जागा धरून ठेवली.

आता मी पाच शहरांवर आहे. पाचव्या शहरात अमेनिटीचा, म्हणजे नागरिकांच्या सुखसोयींचा, आकडा उणे झाला, तेव्हा तुला फोन न करता मी स्वतः ओळी वाचल्या. ही सुखसोय देणारे हस्तिदंत चार शहरांपुरतेच पुरते, आणि त्याचा माझ्याकडचा दुसरा साठा घरात ठेवून आणखी काही देत नाही, हे मला सापडले. तो साठा देऊन शेजाऱ्याकडून रेशीम घ्यावे असा विचार आहे, पण तो वर रोख सोनेही मागतो. तितके दिले तर बारवेसाठी ठेवलेला बिल्डर विकत घेता येणार नाही. रविवारी फोन करशील तेव्हा दोन्ही बाजूंचे आकडे तयार ठेवतो.

तुझा,
मामा