अर्जातून खोडलेले परिच्छेद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घटस्फोटाच्या दाव्यांत वकीलच भांडणं पेटवतात, अशा तक्रारीची पत्रं आपल्या सदरात अधूनमधून येतात. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून नोकरी केल्यामुळे ती अगदीच खोटी आहेत असं मला म्हणवत नाही. साचेबंद अर्ज मीही पुष्कळ वाचले. नावं तेवढी बदललेली, सासूचे टोमणे शब्दशः तेच! पण नुकतीच वकिली थांबवलेल्या एका बाईंबद्दल लिहायलाच हवं. प्रसिद्धीचा त्यांना तिटकारा, म्हणून नाव देत नाही.

त्यांच्या एका अशिलानं मला अर्जाचा कच्चा मसुदा दाखवला होता. दोन परिच्छेदांवर पेन्सिलची तिरकी रेघ आणि समासात बारीक अक्षरात, ‘सिद्ध करता येईल का? उद्या मुलीनं वाचलं तर?’ नवऱ्याच्या चारित्र्याबद्दलचा ऐकीव मजकूर होता तो. असा आरोप एकदा दाखल झाला की समोरच्याच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, त्याची सव्याज परतफेड होते. मग कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे न्यायालयानं समेटाचे प्रयत्न करायचे तरी कसे? माणसं एका बाकावर बसायला तयार नसतात. बाईंच्या प्रकरणांत संसार जुळले असं नाही, पण मुलांचा ताबा, सुट्टीतल्या भेटी यावर निदान बोलणं व्हायचं.

म्हणून त्या मवाळ होत्या असं कुणी समजू नये. पोटगीत कवडी सोडत नसत. दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालात २०२० साली सांगितलं. धंदा बुडाल्याचं रडगाणं गाणाऱ्या नवऱ्यांकडून बाई त्याआधीपासूनच बँकेचे उतारे मागवत. परस्परसंमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबण्याची मुदत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून माफ होऊ शकते. तरी घाईला आलेल्या अशिलाला त्या आधी विचारत, ‘दागिने हाती आले? शाळेची फी कोण भरणार, ते लिहून घेतलंत?’

याच कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार इथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. ही तरतूद मला पटते. मात्र बाईंसारख्यांना दाराबाहेर ठेवलं असतं, तर नुकसान पक्षकारांचंच झालं असतं.

वकील संघटनांनी नव्या मुलामुलींना अशा ज्येष्ठांकडे मसुदा लिहायला बसवावं. मी बाईंना विचारलं आहे. शनिवारी सकाळी त्या वेळ देतील.

आपली,
एक निवृत्त विवाह समुपदेशक, पुणे