जुना संगणक भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून घराघरांतले, शाळांमधले चालते संगणक भंगारात निघू लागले आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसरही साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेलं मशीन ठणठणीत असलं तरी नापास ठरतं. मी पुण्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत संगणक शिकवते. आमच्या लॅबमधली मशीनंही 'आता ही बदलाच' असं सांगून विक्रेत्याने निकालात काढली होती. आज त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आहे, आणि सहावीची मुलं त्यावर निबंध टाइप करतात, चित्रं काढतात. नव्या खरेदीसाठी शाळेला एक रुपयाही लागला नाही.

लिनक्स म्हटलं की लोकांना काळ्या पडद्यावरच्या आज्ञा आठवतात. ही भीती आता सोडून द्यावी. मिंटमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात मेनू आहे, फायरफॉक्स आहे, लिबर ऑफिस आयतं बसवलेलं येतं. नवख्याने लिनक्सच्या शेकडो प्रकारांत शोधाशोध करत बसूच नये. रॅम ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी, ८ असेल तर सिनॅमन. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की, काहीही पुसून न टाकता हे वापरून बघता येतं. मिंटच्या संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची फाइल उतरवायची आणि रूफस किंवा बलेना एचर या मोफत प्रोग्रॅमने ती आठ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवायची (पेनड्राइव्हवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं). मग तो लावून मशीन सुरू करताना बूट मेनूची (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडण्याची) कळ दाबायची. डेल, लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९. मिंट पेनड्राइव्हवरूनच उघडतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. आवाज येतो का, वायफाय पकडतं का, प्रिंटर ओळखतो का, हे तिथेच तपासा. पेनड्राइव्हवर ते संथ चालणारच, त्यावरून मत बनवू नका. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) चालू करा. इंटरनेट मिळालं की मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर बहुतेक वेळा हवा तो ड्रायव्हर (वायफायसारखा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) शोधून देतो. सगळं पटलं तरच बसवा, आणि त्याआधी फोटो-कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवा. विंडोज आणि मिंट शेजारी शेजारी ठेवण्याचा पर्यायही बसवतानाच मिळतो.

मराठीबद्दल शिक्षक हमखास विचारतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी जोडली की झालं. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. एच, जी, शिफ्ट-सी, एस एवढ्या कळा दाबल्या की 'पुणे' उमटतं. 'दुसऱ्या'तल्या ऱ्यासाठी शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. मुलं हे भराभर शिकतात, मोठ्यांना थोडा सराव लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिका मात्र आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, नाहीतर नुसती गिचमीड दिसते.

हे सगळ्यांसाठी आहे, असं मी म्हणणार नाही. ज्यांचा हिशेब टॅलीवर चालतो त्या दुकानदारांनी विंडोज सोडू नये, कारण टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे. काही जुन्या लेसर प्रिंटरना लिनक्सवर नीट ड्रायव्हर मिळत नाही. पण बँकेचं काम, ईमेल, पत्र लिहिणं, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं एवढीच ज्यांची गरज आहे, अशी घरं आपल्या पेठांत आणि उपनगरांत किती असतील! त्यांना चाळीस-पन्नास हजारांचा लॅपटॉप घ्यायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुलं लिनक्सवरच शिकत आहेत. आपल्या पुण्यात तर सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचं मुख्यालय आहे आणि त्याच संस्थेने बॉस नावाचं भारतीय लिनक्स तयार केलं आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयंही इथे गल्लोगल्ली आहेत. ज्ञान दाराशी असताना महापालिकेच्या शाळांतली मशीनं लिलावात जाऊ नयेत.

माझी मागणी साधी आहे. महापालिकेच्या शिक्षण विभागाने कोणताही संगणक निर्लेखित, म्हणजे वापरातून बाद, करण्याआधी तो पेनड्राइव्हवरून मिंट लावून तपासावा आणि तशी नोंद कागदावर करावी. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना या कामाचे तास धरून द्यावेत. ज्या शाळेला सुरुवात करायची आहे तिथे शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, मी स्वतः यायला तयार आहे. शाळेने फक्त एक चालू मशीन आणि आठ जीबीचा पेनड्राइव्ह तयार ठेवावा.

आपली,
एक संगणक शिक्षिका,
सहकारनगर, पुणे