रात्रीचं जेवण सोडू नकोस

सांगली
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंगे,

परवा भाऊजींचा फोन आला आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. ते अगदी सहज बोलत होते. तुमचं बघून हिनं रात्रीचं जेवण बंद केलंय, गुरुवारी पहाटे घामानं चिंब झाली, हात थरथरायला लागले, मशीनवर साखर ५८ आली, असं सगळं सांगून म्हणाले, "आता तुम्हीच समजवा तिला." मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि ओट्यापाशी तशीच उभी राहिले. दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

मंगे, मी रात्रीचं जेवण सोडलेलं नाही. मी वजन कमी करायचं इंजेक्शन घेते, जूनपासून.

सप्टेंबरच्या मेळाव्यात तू माझं मनगट धरून म्हणालीस, "काय केलंस गं, खरं सांग." आणि मी सांगितलं की पहाटे चालायला जाते आणि सातनंतर काही खात नाही. चालायला जाते ते खरं आहे, बाकीचं खोटं. तुझ्याशी आजवर बोललेलं हे पहिलं खोटं, आणि नेमकं तेच तू मनावर घेतलंस. तुझ्या साखरेच्या गोळीचं, ग्लिमेपिराइडचं, मला माहीत होतं. माझ्यासमोरच पाकीट काढून घेतली होतीस ना जेवणाआधी. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसानं जेवण टाळलं तर साखर घसरते हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. तू काय म्हणशील एवढंच डोक्यात होतं.

तू काय म्हणशील याची भीती कुठली, ते तुला आठवत असेल की नाही कोण जाणे. होस्टेलच्या दुसऱ्या वर्षी, गॅदरिंगच्या आदल्या रात्री, माझ्या ब्लाउजची शिवण उसवली तेव्हा तू म्हणाली होतीस, "वसू, तुला फक्त तोंड आवरत नाही, बाकी काही नाही." नंतर तू सॉरी म्हणालीस, रात्री दोनपर्यंत जागून शिवणही घालून दिलीस. मिटलं ते भांडण. पण ते वाक्य माझ्यापाशी राहिलं. दर सोमवारी नवं डाएट सुरू केलं की ते ऐकू यायचं, गुरुवारी मोडलं की आणखी मोठ्यानं. म्हणून या वेळी, निदान तुझ्यासमोर तरी, हे मी माझ्या मनाच्या बळावर केलं असं दिसावं, असं वाटलं. खरं सांगते, दुसरं काही कारण नाही.

आता सगळं नीट सांगते, कारण तुझे डॉक्टरही कधी ना कधी हा विषय काढतील.

औषधाचं नाव टिर्झेपटाइड. भारतात ते मार्च २०२५ मध्ये आलं. आठवड्यातून एकदा घ्यायचं, पोटाच्या कातडीखाली, बेंबीपासून निदान दोन इंच लांब, दर वेळी जागा बदलून. जेवल्यावर आपल्या आतड्यातून दोन हार्मोनं सुटतात, त्यांच्यासारखं हे काम करतं. मेंदूला पोट भरल्याचं कळतं आणि जठरातलं अन्न पुढं सरकायला वेळ लागतो. गुण त्यातच आहे आणि त्रासही बराचसा त्यातूनच येतो. जूनमध्ये २.५ मिलिग्रॅमनं सुरुवात केली. तेव्हा छोट्या कुप्या मिळायच्या, एकीचे साडेतीन हजार, महिन्याला चार. पैसे माझ्या शिकवणीचे होते, त्यामुळे घरात कुणाला विचारायचा प्रश्न आला नाही. चार आठवड्यांनी ५ मिलिग्रॅम झालं. वजन ९४ होतं, आज ८३ आहे.

यांना माहीत होतं. सासूबाईंना आणि वन्संना नाही. कुपी फ्रिजमध्ये ठेवावी लागते, दोन ते आठ अंशांत, बर्फ लागू द्यायचा नाही. म्हणून मधल्या फळीवर, मेथीच्या डब्यात, निवडलेल्या मेथीच्या खाली. शनिवारी रात्री सगळे झोपले की तो डबा काढायचा. ती पानं बाजूला करताना मला दर शनिवारी चोरी केल्यासारखं वाटायचं.

पहिला त्रास मळमळीचा. उलटी होईल असं नाही, पण सकाळी फोडणीचा वास आला की जीव नको व्हायचा. तुला माहीत आहे मला कढीपत्त्याचा वास किती आवडतो, मी तर खिडकीशी जाऊन उभी राहायचे. २०२२ साली याची मोठी चाचणी छापून आली, अडीच हजारांवर माणसांची. त्यात डोसाप्रमाणे चौघांत एकाला ते तिघांत एकाला मळमळ झाली होती, आणि बहुतेकांना ती डोस वाढवण्याच्या दिवसांतच. मला आधी कुणी एवढं सांगितलं असतं तर मी कमी घाबरले असते. प्रत्येक वेळी वाटायचं, हे आता कायमचंच.

त्यावर काय करायचं ते हळूहळू कळलं. ताटात निम्मं वाढायचं. सावकाश चावून खायचं, आणि पोट भरल्यासारखं वाटलं की तिथेच हात थांबवायचा. पानात टाकू नये हे आपल्या हाडात इतकं भिनलंय की हीच गोष्ट मला सगळ्यात जड गेली. शेवटचे दोन घास संपवायला गेलं की पुढचे चार तास ते छातीशी बसतात. तळलेलं, तेलाची तर्री, साय हे जठरात मुळातच रेंगाळतं, त्यात हे औषध. सुईच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी मऊ भात, मुगाचं वरण, ताक, उकडलेलं अंडं एवढंच खाते. आल्याचा तुकडा मीठ लावून चघळला की बरं वाटतं. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, नाही तर आंबट पाणी घशाशी येतं. जुलैमध्ये तर सडक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर यायला लागले, मी शिकवणीला तोंडावर रुमाल धरून बसायचे. रात्रीचं जेवण साडेसातला उरकायला लागले तेव्हा ते कमी झाले. सातनंतर न खाण्याची थाप त्यातूनच सुचली. खरी गोष्ट एवढीच की मी लवकर जेवते. जेवते, मंगे.

दुसरा त्रास बद्धकोष्ठाचा. खाणं कमी, त्यात तहानही लागत नाही. चार-चार दिवस जायचे. इसबगोल सुरू केलं, पण ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावं लागतं, नाही तर उलट घट्ट होऊन बसतं. आता ओट्यावर तांब्या भरून ठेवते आणि येता-जाता दोन घोट घेते. एकदम पेलाभर प्यायलं की मळमळतं.

केस गळले तेही सांगते. ऑगस्टमध्ये विंचरताना कंगव्यात पुंजकाच यायचा. वजन भराभर उतरलं की असं होतं, आणि बहुतेकांचे परत येतात. त्यासाठी आणि दंड-मांड्यांचा मांसल भाग झडू नये म्हणून आधी डाळ, दही, पनीर, अंडं खायचं आणि भात-पोळी मागाहून. आणि वजनं उचलायची. मी पाण्याच्या एक-एक लिटरच्या बाटल्या उचलते. मेसच्या काकूंची आमटी आठवते का, जिच्यात डाळ शोधायला तू बॅटरी आणली होतीस? ती आमटी या औषधाबरोबर अजिबात चालली नसती.

आता दिवाळीचं. हे मी कुणाला लिहिलेलं नाही.

धनत्रयोदशीला शनिवार होता, १८ ऑक्टोबर. त्या रात्री डोस वाढवून ७.५ घेतला. आता पेन मिळतं, एका पेनात महिन्याचे चार डोस. सण तोंडावर असताना डोस वाढवायला नको होता, आठवडाभर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. सोमवारी पहिल्या अंघोळीनंतर फराळाला बसलो. वन्संनी माझ्यासमोर ताट ठेवलं, दोन चकल्या, करंजी, चिवडा, वर लाडू, आणि म्हणाल्या, "वहिनी, तू हल्ली काही खातच नाहीस, कुणाची नजर लागली का?" सगळे बघत होते. मी खाल्लं, सगळं. दुपारपासून उलट्या सुरू झाल्या त्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत, पाणीही राहिना. लक्ष्मीपूजनाला निरांजन उचललं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. यांनी मागून धरलं म्हणून पदर वाचला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" सासूबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मी म्हणाले, काही नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी विसरणार नाही. सलाइन लागलं, सासूबाई चहाला बाहेर गेल्या, तेव्हा मी त्या पोरसवदा डॉक्टरला बोलावून सगळं सांगितलं. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "काकू, हे आधी सांगितलं असतं तर मी वेगळं शोधलं असतं." मग त्यानं पोट तपासलं, वरच्या बाजूला दाबून विचारलं, पाठीत कळ जाते का. किडनीच्या आणि स्वादुपिंडाच्या तपासण्या केल्या. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं की किडनीवर ताण येतो, आणि स्वादुपिंडाला सूज येणं क्वचित होतं, पण झालं तर जिवावरचं असतं. माझ्या तपासण्या ठीक आल्या. एक आठवडा सुई चुकवायला लावली, आणि माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी परत ५ वर आणलं. ७.५ च्या पेनातले तीन डोस तसेच आहेत. उघडलेलं पेन तीस दिवसांनी टाकून द्यायचं, म्हणजे तेही गेले. पैशाचं वाईट वाटलं, पण पायरी उतरल्याचं नाही. त्रास होत असेल तर त्याच डोसावर जास्त दिवस थांबता येतं हे मला आधी कळलंच नव्हतं. वर चढलं नाही तर आपण नापास, असंच मी धरून चालले होते.

दोन महिने मी खोटं बोलले आणि एकदा मी दवाखान्यात पडले, एकदा तुझी साखर ५८ झाली. मला रात्री झोप लागत नाही ती याच हिशोबानं.

तर आता ऐक. आज रात्रीपासून वेळेवर जेव. गोळी मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना फोन करून ५८ चा आकडा सांग. परत घाम आला, थरथर झाली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पी, पंधरा मिनिटांनी परत तपास. आणि हे इंजेक्शन घ्यायचं तुझ्या मनात आलं तर आधी तीन गोष्टी सांग त्यांना. एक, ग्लिमेपिराइड चालू आहे, दोन्ही एकत्र असली तर साखर आणखी घसरू शकते, म्हणून गोळीचा डोस बहुधा कमी करतात. दोन, डोळ्यांचा पडदा तू किती वर्षांत तपासलेला नाहीस? साखर भराभर उतरली तर आधीपासून दुखावलेला पडदा बिघडू शकतो. तीन, तुझ्या मिरजेच्या मावशीचं गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, मी डबा घेऊन आले होते. ती गाठ साधी होती की कॅन्सरची, आणि कॅन्सर असेल तर कुठल्या प्रकारचा, जुना रिपोर्ट शोध. थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा एक प्रकार घरात कुणाला असेल तर हे औषध देत नाहीत. आणि सुरू केलंसच तर पोटात वरच्या बाजूला कळ येऊन ती पाठीत गेली, डोळे पिवळे दिसले, किंवा दिवसभर पाणी टिकलं नाही, तर फराळाला दोष देत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

बाकी सगळं ठीक. सासूबाईंचा गुडघा तसाच, यांचं बीपी आटोक्यात. चिन्मयला नोकरी लागल्याचं भाऊजींनी सांगितलं, पेढे राहिले. तुझ्या गच्चीचं गळणं थांबलं का? आणि शाळेतल्या त्या बाईंशी तुझं अजून बोलणं नाही म्हणे. कर बाई, तीन वर्षं झाली.

एक विचारायचं होतं. आपण कोल्हापूरला गेलो की मिसळ खायचो, तुझी तर्री वेगळ्या वाटीत, माझ्या पावाचा अर्धा तुकडा तुझ्या ताटात. मागच्या महिन्यात मी यांच्याबरोबर त्याच गल्लीतून गेले आणि मला काहीच वाटलं नाही. भूक नाही, आठवण नाही, पाय थांबले नाहीत. घरी आल्यावर रडले. किलो कमी झाल्याचा आनंद मला खरंच आहे, गुडघे दुखत नाहीत, जिना चढताना दम लागत नाही, आणि हे सोडलं तर वजन बरंचसं परत येतं हेही मला माहीत आहे. पण डॉक्टरांना मी हे कसं सांगू की मला मिसळीसमोर थांबावंसं वाटत नाही? ते लिहून कुठल्या रकान्यात घेतील? तुलाच कळेल म्हणून तुला लिहिलं.

काल मी सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मेथीच्या डब्यात कशाला ठेवतेस, वरच्या फळीवर जागा आहे की." आणि उठून स्वतः जागा करून दिली.

रविवारी, १६ तारखेला, मी नाशिकला येते. शनिवारची सुई आधी घेऊन निघेन, म्हणजे तुझ्याकडे मुगाची खिचडीच खाईन, वाईट वाटून घेऊ नकोस. तोवर उशाशी ग्लुकोजचा पुडा ठेव, आणि भाऊजींना दाखवून ठेव कुठं ठेवलाय ते. आज जेवलीस की फक्त "जेवले" एवढा मेसेज टाक. मी वाट बघते.

तुझी,
वसू